रिकामा जबडा

बटण दाबलं की दिवा लागतो, म्हणून तारेतले इलेक्ट्रॉन सुसाट धावत असणार, अशी आपली सगळ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक मिलिअँप करंट जात असेल, तर इलेक्ट्रॉनांचा तो घोळका तासाभरात सरासरी पाव मिलिमीटर पुढे सरकतो. जागच्या जागी प्रत्येकाची धावपळ भयंकर चाललेली असते, पण पदरात पडणारी वाटचाल एवढीच. सकाळी नऊला मी टेबलावरचा सप्लाय चालू केला आणि संध्याकाळी सहाला बंद केला, तर दिवसभरात ही मंडळी सव्वादोन-अडीच मिलिमीटर गेलेली असतात. हसू येतं. मग त्यांची संख्या बघितली की ते हसू मावळतं. एक मिलिअँप म्हणजे दर सेकंदाला ६२ कोटींना एक कोटीने गुणल्यावर जेवढे होतील तेवढे इलेक्ट्रॉन तारेच्या एका छेदातून पार होतात. आणि आमच्या धंद्यात या एवढ्या गर्दीला ‘बारीक करंट’ म्हणतात.

माझा पगार या संथ गर्दीवर चालतो. भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा लॅबमध्ये मी बॅटरीवर चालणाऱ्या पाण्याच्या मीटरांची सर्किटं तपासते. हे मीटर रस्त्याकडेच्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली बसायचे असतात. तिथे वीज नाही. आत लिथियमचा एक सेल, आणि तो दहा वर्षं पुरला पाहिजे अशी गिऱ्हाइकाची अट. दहा वर्षं म्हणजे ८७,६०० तास. सेल साडेआठ अँपिअर-तासांचा. भागाकार केला की हातात सरासरी ९७ मायक्रोअँप उरतात. त्यातच झोपायचं, त्यातच जागं व्हायचं, पाणी मोजायचं, रेडिओवरून आकडा पाठवायचा. सेल आतल्या आत झिजतो ते वेगळंच. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीत दहा वर्षं घर चालवणाऱ्या त्या इवल्या चिपबद्दल मला कधीकधी खरंच आदर वाटतो.

मल्टिमीटर लावला तर तो सरासरीचा एक आकडा दाखवतो आणि तोही थरथरत. पण करंटला आकार असतो. चिप झोपलेली असताना काही मायक्रोअँपची सपाट रेघ, मग जागी होताना एक खडी चढण, रेडिओ बोलतो तेव्हा काही मिलिसेकंदांचं पठार, मग हळूहळू उतार. हा आकार बघायचा तर ऑसिलोस्कोप लागतो, आणि स्कोपला करंट थेट समजत नाही, त्याला व्होल्टेज समजतं. मधला दुभाषा म्हणजे करंट प्रोब. पिस्तुलासारखी मूठ नाही, जाड पेनाएवढी दांडी. अंगठ्याने सरकपट्टी मागे ओढली की टोकाची खाच उघडते, तार आत घालायची, पट्टी सोडली की फेराइटचे दोन तुकडे एकमेकांवर बसून तारेभोवती चौकट पुरी करतात. तांब्याला स्पर्श नाही, तार सोलणं नाही, तोडणं नाही. तार आतून जे वागते ते प्रोब बाहेरून ओळखतो.

हे ओळखणं दोनशे वर्षांपूर्वीचं आहे. कोपनहेगनच्या हान्स क्रिस्टियन अर्स्टेडने १८२० साली बघितलं, की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. त्याने ते लॅटिनमध्ये छापून युरोपभर पाठवलं आणि त्याच वर्षात निम्म्या युरोपातले शास्त्रज्ञ तारा आणि सुया घेऊन बसले. प्रोबच्या पोटात आज सुई नाही, पण काम तेच. फेराइटच्या चौकटीत तारेभोवतीचं चुंबकत्व गोळा होतं. चौकटीच्या फटीत हॉल एलिमेंट नावाची एक चिमुकली पट्टी असते, तिला ते जाणवतं. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सोन्याच्या वर्खातून वीज सोडून, तो वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरून, त्याच्या दोन कडांमध्ये पडणारा अगदी बारीक व्होल्टेजचा फरक पकडला होता. वर्खच का? कारण पट्टी जितकी पातळ, तितका तो फरक मोठा. त्याच्या गुरूंनी आधी जाड पट्टीवर हाच प्रयोग करून बघितला होता आणि त्यांच्या हाती काही लागलं नव्हतं.

प्रोबच्या आतली पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हॉल एलिमेंटला चुंबकत्व जाणवलं की प्रोबचा अँप्लिफायर त्याच चौकटीवर गुंडाळलेल्या दुसऱ्या वेटोळ्यातून उलटा करंट सोडतो, इतका की चौकटीतलं चुंबकत्व पुन्हा शून्यावर यावं. तार जोर लावते, प्रोब तेवढाच उलटा जोर लावतो, आणि ते खोडून काढायला किती करंट लागला तो स्कोपला सांगतो. करंट झरझर बदलायला लागला की हॉलला ते झेपत नाही. तेव्हा तेच वेटोळं साध्या ट्रान्सफॉर्मरसारखं काम हातात घेतं. दोघांमधली ही देवाणघेवाण पडद्यावर कुठेच दिसत नाही. चांगल्या प्रोबमध्ये तरी दिसू नये.

एवढं सगळं असूनही, अँपिअरमध्ये रुबाबात बोलणारा हा प्रोब मिलिअँपवर आला की तो चाचरायला लागतो.

आमच्याकडे एक जुने टेक्निशियन आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मालकसुद्धा. काचेच्या पडद्यावर हिरवा ठिपका नाचायचा त्या काळापासून ते स्कोपवर बसलेले. मी नवीन असताना एकदा प्रोबमध्ये तार घालायला निघाले तर ते म्हणाले, “मॅडम, तार राहू द्या. आधी रिकाम्या जबड्याचं काय म्हणणं आहे ते ऐका.” मी रिकामा जबडा मिटला. करंट शून्य. पडद्यावर शून्य असायला हवं होतं. होती ती एक जाड, केसाळ पट्टी, शून्याच्या रेघेपासून जरा वर सरकलेली. “हे जे आहे ना,” मामा म्हणाले, “हे तारेतलं नाही. तारेचं जे दिसेल त्यातून हे वजा करून घ्या.”

त्या पट्टीला आमच्याकडे गवत म्हणतात. प्रोबच्या अँप्लिफायरचा स्वतःचा नॉइज, स्कोपचा नॉइज, खोलीतला नॉइज, सगळं मिळून उगवलेलं. आमचा प्रोब ३० अँपिअरपर्यंतचा. त्याच्यासाठी तीन मिलिअँप म्हणजे आपल्या आवाक्याचा दहा हजारावा भाग. त्याला ते दिसलं नाही तर त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. शिवाय आठ बिटांचा स्कोप पडद्याची उंची २५६ पायऱ्यांत तोडतो. एका घराला दहा मिलिअँप ठेवले तर आठ घरांत एकेक पायरी सुमारे ०.३ मिलिअँपची. त्या पायऱ्यांमध्ये जे काही घडतं, ते स्कोपच्या लेखी घडतच नाही.

आणि ती पट्टी वर का सरकलेली होती? मागच्या कुणीतरी मोठा करंट मोजला की फेराइटमध्ये त्याचं थोडं चुंबकत्व मागे राहतं. प्रोबवर डीगॉसचं बटण असतं. ते दाबलं की प्रोब आपल्याच चौकटीला उलटसुलट झटके देतो, आधी मोठे, मग लहान, मग आणखी लहान, आणि फेराइट जुनं सगळं विसरतं. हे करताना जबड्यात तार ठेवायची नाही, नाहीतर ते झटके तारेतून बिचाऱ्या सर्किटला बसतात. मग झीरोचं बटण. पण त्याआधी अर्धा तास प्रोब नुसता चालू ठेवायचा. गरम होईपर्यंत त्याचं शून्य सरकत राहतं. हाताच्या उबेनेही सरकतं, म्हणून मामा दांडी फार वेळ धरू देत नाहीत. फेराइटच्या मिटणाऱ्या कडांवर धुळीचा एक कण बसला तरी मध्ये फट राहते आणि प्रोब खोटं बोलतो. मामांच्या खिशात त्यासाठी स्वच्छ सुती फडकं असतं. ते दुसऱ्या कशाला वापरलेलं मी पाहिलेलं नाही.

सोनार काट्यावर गुंज तोलतो तेव्हा आधी पंखा बंद करतो आणि स्वतःचा श्वासही जरा आवरतो. आमचं तसंच. टेबलावरचं सोल्डरिंग स्टेशन बंद, कारण त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा ५० हर्ट्झचा हम थेट फेराइटमध्ये शिरतो. मोबाइलचा चार्जर काढायचा. आणि एक गोष्ट, जी पहिल्यांदा कळली तेव्हा मी चकित झाले होते: शून्य जिथे घेतलं, ज्या दिशेला तोंड करून घेतलं, तिथेच आणि त्याच दिशेला प्रोब धरून मोजायचं. प्रोब फिरवला की रिकाम्या जबड्याची रेघ किंचित हलते, कारण प्रोबला पृथ्वीही जाणवते.

हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. तारेतून एक मिलिअँप जात असेल तर तिच्यापासून एक सेंटिमीटरवर जे चुंबकत्व असतं ते २० नॅनोटेस्ला. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला. म्हणजे माझ्या त्या मिलिअँपच्या दोन हजार पट. पृथ्वीचं चुंबकत्व फेराइटच्या चौकटीत एका बाजूने शिरतं आणि दुसरीकडून निघून जातं, तारेचं मात्र चौकटीभर गोल फिरतं, म्हणून प्रोब दोघांत फरक करू शकतो. पण तो फरक शंभर टक्के नसतो. थोडी पृथ्वी आत राहतेच.

हे वीस नॅनोटेस्ला माझ्या डोक्यात बसले ते अलिबागमुळे. समुद्रकिनाऱ्याची सहल, सुकी मासळी, कुलाबा किल्ला हे सगळं असतं, पण तिथे एक वेधशाळाही आहे. तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पृथ्वीचं चुंबकत्व रोज नोंदवण्याचं काम तिथे चालतं. मुळात हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारलेल्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. तोवर ट्रामला घोडे होते, आणि घोड्यांचा सुईला काही त्रास नव्हता. विजेच्या ट्रामचं तसं नसतं. करंट डोक्यावरच्या तारेतून येतो आणि रुळांतून, जमिनीतून परत जातो. जाणारी वाट आणि येणारी वाट एकमेकींपासून लांब पडल्या की दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांना खोडत नाही, ते शहरभर पसरतं.

वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख होते नानाभाई मूस. या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. ट्राम येणार म्हटल्यावर त्यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली, तिथे लोखंड टाळून इमारत बांधून घेतली आणि १९०४ पासून नोंदी सुरू केल्या. पण त्यांचं खरं शहाणपण मला पुढच्या गोष्टीत दिसतं. त्यांनी कुलाबा लगेच बंद केला नाही. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले, म्हणजे जुन्या साठ वर्षांच्या नोंदी नव्या नोंदींना जोडता याव्यात. नवीन जागेचं शून्य जुन्या जागेच्या शून्याशी जुळवून घेतलं. मग १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम १९६४ मध्ये बंदही झाली, पण अलिबागची नोंद चालूच आहे. (कुलाब्याहून निघालेली ही यंत्रं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच पोचली, हा योगायोग नानाभाईंना जाणवला असणार.)

दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत, वातावरणाच्या वरच्या थरातल्या करंटमुळे, अलिबागचं चुंबकत्व काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होतं. सूर्याचा रोजचा हा उद्योग आणि माझ्या टेबलावरचे दोन मिलिअँप एकाच मापाचे आहेत. १८५९ च्या सप्टेंबरात पृथ्वीवर जे प्रचंड सौरवादळ आलं, ज्यात युरोप-अमेरिकेतली तारयंत्रं बिघडली, त्याची नोंद कुलाब्याच्या कागदांत आहे. चुंबकत्व सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं होतं. आज सौरवादळांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक त्या नोंदीकडे वळतात. मी एकदा गंमत म्हणून उलट हिशेब केला. तारेपासून एक सेंटिमीटरवर १,६०० नॅनोटेस्ला हवे असतील तर तारेतून किती करंट सोडावा लागेल? ८० मिलिअँप. तेवढ्यावर हातातला छोटा टॉर्चसुद्धा मंद लागतो. आकडा बघून मी थोडा वेळ स्कोपकडे बघतच राहिले. मग मामांना सांगितलं. ते म्हणाले, “मग टॉर्चपण लांब ठेवा.”

तर, तीन मिलिअँप. मागच्या पावसाळ्यात एका मीटरचा हिशेब बसत नव्हता. कागदावर सेल दहा वर्षं पुरत होता आणि मल्टिमीटर म्हणत होता की सहा-सव्वासहा. मधे कुठेतरी गळती होती. प्रोब लावला, रेडिओचं पठार ठसठशीत दिसलं, त्याची बेरीज बरोबर आली. बाकी सगळं गवत. गवतात काही असलंच तर ते गवताच्याच उंचीचं होतं.

मामांनी लांब, बारीक इन्सुलेटेड वायरचा तुकडा घेतला. सेलची पॉझिटिव्ह वाट तोडून त्या तुकड्याने पुन्हा जोडली आणि मधला भाग जबड्यातून ओवला. एकदा नाही. ओवून मागे वळवला, पुन्हा ओवला, पुन्हा. जबड्याच्या आतून दहा वेढे जाईपर्यंत. आता तीच तार प्रोबच्या डोळ्यांसमोरून दहा वेळा जात होती. प्रोबला वाटलं दहापट करंट आहे. गवत मात्र होतं तेवढंच राहिलं, कारण गवत प्रोबचं स्वतःचं होतं, तारेचं नव्हतं. आणि त्या गवतातून दर सेकंदाला एक चौकोनी टेकाड डोकं वर काढायला लागलं. पडद्यावर तीस मिलिअँपच्या आसपास. दहाने भागलं की तीन.

ही युक्ती मामांची नाही आणि प्रोबच्या कंपन्यांचीही नाही. अर्स्टेडचं पत्रक निघालं त्याच वर्षी, १८२० मध्येच, जर्मनीतल्या हाले गावच्या योहान श्वायगरने होकायंत्राभोवती तारेला एक वेढा देण्याऐवजी अनेक वेढे दिले आणि सुई कितीतरी जास्त हलली. करंट तेवढाच, त्याची खूण अनेकपट. त्यानंतर दोनशे वर्षांत हॉल आला, फेराइट आलं, स्कोप आला, त्याच्या पोटात प्रोसेसर आला, आणि भोसरीत बारीक करंट बघायचा म्हटलं की आपण पुन्हा वायर गुंडाळायला बसतो. मला यात फार मजा वाटते. महागड्या यंत्राच्या शेजारी हाताने वळलेलं ते वेडंवाकडं वेटोळं, वर कागदी चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं ‘÷१०’. ती पट्टी लावायची शिस्त मात्र कडक. पुढच्या पाळीतल्या माणसाला वेढे मोजत बसायला लावणं हा आमच्याकडे अक्षम्य गुन्हा समजला जातो.

फुकट काहीच मिळत नाही. प्रोब तारेला शिवत नाही म्हणतो, पण त्याचं असणं सर्किटला थोडं जाणवतंच. जणू तारेत एक अगदी लहान अडथळा येऊन बसतो. वेढे दहा केले की तो अडथळा दहापट नाही, शंभरपट होतो. शिवाय तारेचा जो लांबलचक फास बाहेर काढला, त्यात दर सेंटिमीटरला सुमारे दहा नॅनोहेन्रीचं इंडक्टन्स. करंट सावकाश बदलत असेल तर त्याने काही बिघडत नाही. झटपट बदलणारा करंट मात्र या फासात अडखळतो आणि चौकोनी टेकाडाच्या कडा गोल होतात. म्हणजे उंची नीट दिसावी म्हणून आपण धार गमावतो. आमचं टेकाड वीस मिलिसेकंदांचं, सुस्त. त्याला चाललं. पण नॅनोसेकंदांत चढणारा करंट बघायचा असता तर दहा वेढ्यांचं चित्र सुरेख दिसलं असतं आणि निम्मं खोटं असतं. बारीक मोजमापात सुरेख चित्राचा मला नेहमी संशय येतो. गवताळ चित्र निदान आपलं अज्ञान झाकत नाही.

टेकाड सापडल्यावर त्याला स्वच्छ करायचं राहिलं. स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर आणली, बरंच गवत कापलं गेलं. मग सरासरी. टेकाड दर सेकंदाला ठरल्या वेळी येतं, गवत मात्र वाटेल तसं. चौसष्ट टेकाडं एकावर एक ठेवून सरासरी काढली की टेकाड तसंच राहतं आणि गवत आठपट खाली बसतं. चौसष्टचं वर्गमूळ. एक मिनिटभर पडद्यासमोर बसायचं आणि रेघेतून कडा हळूहळू उघडताना बघायच्या. फोटो धुवायच्या खोलीत ज्यांनी काम केलंय ते सांगतात, कागदावर चेहरा असाच येतो. ते मी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं ते मला समजतं. सरासरीची एक मर्यादा लोक विसरतात. ती थरथर घालवते, सरकलेलं शून्य घालवत नाही. उलट सरकलेलं शून्य इतकं गुळगुळीत करून दाखवते की ते खरंच वाटायला लागतं. म्हणून चौसष्टच्या सरासरीनंतर वायर काढून रिकाम्या जबड्याचीही चौसष्टचीच सरासरी घ्यायची. त्यातही ०.२ मिलिअँप उरलेच होते. ते पडद्यावरच्या तिसातून वजा झाले.

बेरीज केली. तीन मिलिअँप, वीस मिलिसेकंद, दर सेकंदाला एकदा. सरासरी ६० मायक्रोअँप. सगळ्या मीटरच्या ९७ च्या मिळकतीतले ६० हे एकटं टेकाड खात होतं. शेवटी निघालं ते असं: तापमान मोजणारा एक सेन्सर जुन्या बोर्डावर होता. नव्या बोर्डावरून सेन्सर गेला, पण त्याला दर सेकंदाला वीज देऊन जागं करणारा कोड तसाच राहिला आणि ती वीज एका रिकाम्या रेझिस्टरमध्ये जात होती. दर सेकंदाला चिप उठायची, नसलेल्या माणसाला हाक मारायची, उत्तराची वीस मिलिसेकंद वाट बघायची आणि परत झोपायची. फर्मवेअर लिहिणाऱ्या मुलाला चित्र दाखवल्यावर तो पंधरा सेकंद काही बोलला नाही, मग “आईशप्पथ” म्हणाला आणि लॅपटॉप उघडला.

कुणी विचारेल, मग प्रोबच कशाला? तारेत एक रेझिस्टर घाला आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा. शंट म्हणतात त्याला. बरोबर आहे, आणि मायक्रोअँपवर आलं की तेच करावं लागतं. तिथे प्रोबने पाऊल टाकू नये. पण शंटचीही आपली अडचण असते. झोपेतले दहा मायक्रोअँप दिसावेत म्हणून शंभर ओहमचा रेझिस्टर घाला, त्यावर जेमतेम एक मिलिव्होल्ट येतं. तेवढ्यात चिप जागी होऊन वीस मिलिअँप मागते, आणि त्याच शंभर ओहमवर दोन व्होल्ट पडतात. सेल साडेतीन व्होल्टचा. चिपकडे दीड उरतं, ती बसते, पुन्हा सुरू होते, पुन्हा मागते, पुन्हा बसते. आपण तिची झोप मोजायला गेलो आणि तिला झोपूच दिलं नाही. या प्रश्नावर उपाय नाहीत असं नाही. करंटनुसार स्वतःच रेझिस्टर बदलणारी मोजमापाची पेटी मिळते आणि ती चांगली असते. आमच्या खरेदी विभागाकडे तिची मागणी गेली आहे. ती अजून तिकडेच आहे.

कोड सुधारल्यावर नवीन बोर्ड आला. मामांनी वायर ओवली, दहा वेढे, चिकटपट्टी. मी डीगॉस केलं, झीरो घेतलं, ट्यूबलाइटही बंद केली. तिचा काही संबंध नव्हता, पण मामांना बरं वाटतं. टेकाड गेलं होतं. त्याच्या जागी सपाट गवत, आणि रेडिओचं पठार तेवढं आपल्या जागी.

रिपोर्टमध्ये दोन्ही चित्रं लावली, आधीचं आणि नंतरचं, आणि तिसरं रिकाम्या जबड्याचं. गिऱ्हाइकाच्या ऑफिसातून दुसऱ्या दिवशी फोन आला. तिसऱ्या चित्रात काही दिसत नाही, चुकून आलंय का? नाही म्हटलं, ते असू द्या. बरं, म्हणाले, आणि जुन्या बोर्डाचं ते टेकाड नेमकं किती होतं, तुम्ही ३.० लिहिलंय, अधिक-उणे ०.१. आमच्या फॉर्ममध्ये दशांशानंतर दोन घरं आहेत, दोन आकडे लागतील. मी फोनवर हात ठेवून मामांकडे बघितलं. त्यांनी फडक्याने फेराइट पुसता पुसता मान हलवली.

“एकच मिळेल,” मी म्हटलं. “दुसरं घर मोकळं सोडा.”